शाईचा की पावडरीचा

८ फेब्रुवारी २०१२, बुधवार

प्रिंटरने आज मान टाकली. शनिवारी आमच्या जुन्या मुख्याध्यापकांच्या सत्तरीचं जेवण आहे, त्यांचं गाणं छापायला बसले, तर पानभर आडवे पांढरे पट्टे. यंत्राला स्वतःचं तोंड धुवायला सांगितलं. तोंड धुताना हा बाबा शाई पितो. चार वेळा धुतलं आणि मग पडद्यावर उमटलं, निळी शाई संपली, छपाई होणार नाही.

"अरे, मला काळ्या अक्षरात छापायचंय. निळ्याशी तुझा काय संबंध?" असं मी त्याला मोठ्यानं विचारलं.

"मला काही म्हणालीस?" माझा नवरा अक्सेल स्वयंपाकघरातून ओरडला.

आमच्या गल्लीत कुणाचा पन्नासावा, साठावा, सत्तरावा वाढदिवस असो, की कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होवोत, गाणं माझं असतं. चाल सगळ्यांच्या ओळखीची, शब्द माझे, आणि प्रत्येक पाहुण्याच्या ताटाशी एक कागद. शाळेच्या कार्यालयात होते तेव्हा तिथल्या यंत्रावर प्रती काढायचे, जांभळ्या अक्षरांच्या, स्पिरिटचा वास येणाऱ्या. निवृत्त झाल्यावर हा इंकजेट घेतला. गाणं बोदिलचं आणि छपाईही बोदिलची, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

११ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं. अक्सेल मला न विचारता नऊ नंबरवाल्या मेरेताकडे जाऊन गाणं छापून घेऊन आला. तिच्याकडे लेझर आहे. "पाच मिनिटांत तीस प्रती," अक्सेल म्हणाला, "आणि कागद हातात घेतला तर भट्टीतून काढलेल्या पावासारखा गरम." आयुष्यभर लोकांच्या घरी वायरिंग केलेला माणूस. कुठलंही यंत्र चाललेलं दिसलं की विरघळतो.

मेरेता गेल्या शरदात आरहूसहून इथे राहायला आली. ग्रंथालयात नोकरी करायची. वय अठ्ठावन्न, केस बारीक कापलेले, चष्म्याची फ्रेम नारिंगी, भेटेल त्याला मिठी. अशा माणसांचं मला कोडं पडतं. मिठी मारण्याइतकी ओळख व्हायला आमच्याकडे दहा वर्षं लागतात.

जेवणाच्या टेबलावर यूत्तेनं कागद उचलला, नाकापाशी नेला आणि म्हणाली, "बोदिल! आज अक्षर किती काळं कुळकुळीत आलंय गं! गेल्या वेळी फारच फिकट होतं."

मेरेतासमोर म्हणाली. आणि मेरेता हसली.

यूत्ते माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. समोरच्या घरात राहते. दोन वर्षांपूर्वी एकदा अशीच 'फिकट' म्हणाली होती, तेव्हा मी तीन आठवडे तिच्याशी बोलले नव्हते. निदान तेवढं तरी तिनं लक्षात ठेवायला हवं होतं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

दर गुरुवारी यूत्ते माझ्याकडे येते आणि आम्ही साप्ताहिकातलं शब्दकोडं सोडवतो. मी लिहिते, ती शब्द सुचवते. पूर्वी पेन्सिल तिच्याकडे असायची, अलीकडे तिनं ती माझ्या हातात दिली. आज आली, कोट न काढताच बसली आणि म्हणाली, "बोदिल, मला ना, शब्दकोड्याचा कंटाळा आलाय."

बोलताना माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. माझ्या कानाकडे बघत होती. माणूस खोटं बोलतो तेव्हा असंच बघतो.

मग कॉफी ओतायला घेतली आणि अर्धी बशीत सांडली. लक्ष कुठे होतं कोण जाणे. मला माहीत आहे कुठे होतं ते.

माझे बैठकीतले पडदे नोव्हेंबरपासून तिच्याकडे पडलेत. नुसती खालची पट्टी दुमडून शिवायची आहे. जिनं पोटासाठी तीस वर्षं पडदे शिवले तिला एका पट्टीला किती वेळ लागतो? विचारलं तर म्हणे, "करते गं, सध्या मूड नाही."

१ मार्च, गुरुवार

आज गुरुवार, आणि शब्दकोड्याची वेळ. मी खिडकीतली फुलझाडं पुसत होते. (पुसत होते, टेहळणी करत नव्हते.) यूत्ते तिच्या घरातून निघाली, हातात कापडी पिशवी, सावकाश पावलं टाकत रस्ता ओलांडला आणि नऊ नंबरची बेल वाजवली. मग मेरेताच्या मोठ्या खिडकीत दोघी दिसल्या. एका कागदावर दोन डोकी, अगदी चिकटून.

तासभर.

अक्सेल म्हणाला, "त्या झाडांची पानं झिजतील आता."

"ती तिथं काय करत असेल?"

"छापत असतील काहीतरी. तिच्याकडे प्रिंटर आहे ना चालू."

मी त्याला रात्री उरलेली मासळी वाढली, तीही गरम न करता.

१७ मार्च

सहकारी दुकानात दुधाच्या कपाटापाशी यूत्ते उभी होती. मी आत शिरले, हात वर केला. तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. सरळ! मधे कुणी नव्हतं. आणि मग तोंड फिरवून ताकाचे डबे चाचपायला लागली. मी तिथेच टोपली ठेवली आणि घरी आले.

न्हाणीघरात दार लावून रडले. लिहून ठेवते, कारण अक्सेलला सांगणार नाही. बहात्तराव्या वर्षी मैत्रिणीसाठी रडणं म्हणजे हसू करून घेणं आहे. नवरा दुसरीकडे गेला असता तर शेजारणींनी केक तरी आणून दिला असता.

यूत्ते हल्ली गाडीही चालवत नाही. तिचा नवरा हॉल्गर चालवतो आणि ही शेजारी महाराणीसारखी बसलेली. हॉल्गर पस्तीस वर्षं बस चालवायचा, तेव्हा म्हणायची, "बाई गं, कामावरून आल्यावर त्याला आणखी गाडी चालवायला कशी सांगू?" आता बरी सांगते. नवी मैत्रीण मिळाली की नवे नखरे सुचतात.

२४ मार्च, शनिवार

ओडेन्सला जाऊन प्रिंटर घेऊन आलो. जाताना ठरवलं होतं की शांतपणे निवड करायची. इथेही शांतपणेच लिहिते.

दुकानातली मुलगी हुशार होती. तिनं आधी विचारलं, "महिन्याला साधारण किती पानं छापता?"

"महिना महिना काहीच नाही. आणि मग एका संध्याकाळी चाळीस."

"मग तुमच्यासाठी लेझर," ती म्हणाली. "इंकजेट रोज थोडा चालवला तर चांगला. पडून राहिला की शाई नळीच्या तोंडाशी वाळते, मग तोंड धुवायला आणखी शाई. लेझरमध्ये कोरडी पावडर असते, ती वाळणार काय? वर्षानं चालू केला तरी पहिलं पान स्वच्छ. घेताना थोडा महाग, पण पुढे स्वस्त पडतो."

"बघ," अक्सेल म्हणाला.

"रंग?" मी विचारलं.

"या किमतीत लेझर फक्त काळं छापतो. फोटो बिटो छापायचे असतील तर इंकजेटच. पण गाणीच छापायची ना? अक्षर लेझरचं. आणि ओल्या हातानं धरलं तरी पसरत नाही."

माझं मन वळलं होतं, खरंच. मी पैसे काढायलाही निघाले होते. तेवढ्यात अक्सेल म्हणाला, "मेरेताकडे हाच आहे. अगदी हाच."

मग मी इंकजेट घेतला. सहा रंगांचा.

परत येताना अक्सेलनं तासभर नुसता रस्ता पाहिला. शेवटी म्हणाला, "रंगांचं काय करणार आहेस?" मी म्हटलं, "बघशील." खरं तर मलाही अजून माहीत नव्हतं.

१२ एप्रिल

मेरेता आली. हातात स्वतः भाजलेला राय धान्याचा काळा पाव, वर सूर्यफुलाच्या बिया. दारातच मिठी. मी लाकडासारखी उभी.

बारा मेला यूत्ते आणि हॉल्गरच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. गल्लीनं आदल्या दिवशी दाराला कमान बांधायची आणि सकाळी जाऊन गाणं म्हणायचं, हे तिला कुणीतरी सांगितलं असणार. म्हणाली, "गाणं तूच लिहिणार ना? सगळे म्हणतात तुझ्यासारखं कुणाला जमत नाही."

गोड बोलून आत शिरायची पद्धत.

"हो," मी म्हटलं.

"छपाईला मदत हवी असेल तर माझा प्रिंटर आहे. म्हणजे..." इथे ती अडखळली, चष्मा काढून पुसायला लागली. "यूत्तेसाठी एक तरी प्रत मोठ्या अक्षरात काढू या का? मोठं आणि जाड. तिला बरं पडेल."

"माझं अक्षर चाळीस वर्षं लोकांना पुरलंय," मी म्हटलं.

"नाही नाही, तुझ्या अक्षराबद्दल..."

"आणि माझ्याकडे नवीन प्रिंटर आहे. सहा रंगांचा."

तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. काहीतरी सांगायचं होतं तिला. मग म्हणाली, "तू एकदा यूत्तेशीच बोल ना."

म्हणजे आता यूत्तेशी बोलायला मला हिची परवानगी! पाव मात्र चांगला होता. अक्सेलनं तीन तुकडे खाल्ले. मी एकच खाल्ला, तोही ती गेल्यावर.

२२ एप्रिल, रविवार

कमानीची बैठक आमच्याकडे झाली. गल्लीतले सगळे, अर्थात यूत्ते आणि हॉल्गर सोडून. त्यांना सगळं माहीत असतं, पण माहीत नसल्यासारखं दाखवायचं ही रीत. स्प्रूसच्या फांद्या अक्सेल आणणार, कागदी फुलं बायका करणार, सोनेरी ५० चा आकडा आमच्याकडे गॅरेजमध्ये आहेच. तुतारी वाजवायला नगर बँडातला कार्स्टन येणार.

मेरेतानं विचारलं, "पाऊस आला तर? कागदांना प्लास्टिकची पाकिटं घालू या का?"

मी म्हटलं, "बारा मेला पाऊस नसतो."

सगळे हसले. मला वाटतं माझ्या बाजूनं हसले.

२ मे

गाणं झालं. सात कडवी. चाल तीच ठेवली, पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या रौप्य लग्नाला घेतली होती ती, कारण हॉल्गरला तेवढी एकच चाल सुरात येते. शब्द नवे. आजवर लिहिलेल्यांतलं सगळ्यात चांगलं गाणं आहे. लिहिताना दोनदा हुंदका आला. मला तिच्यावर राग आहे आणि तिच्यावर एवढं चांगलं गाणंही लिहिता येतं, हे कसं, ते मला सांगता येत नाही.

आणि रंगांचं काय करायचं ते सुचलं. सुवर्ण लग्न आहे ना? मग अक्षरं सोनेरी! चारही कोपऱ्यांत समारंभाला लावतो ते लालभडक झेंडे, वर मधोमध त्यांच्या लग्नाचा फोटो, खाली सगळी कडवी सोन्याच्या अक्षरांत, दुधी कागदावर. हे त्या काळ्या डबड्यातून काढून दाखव म्हणावं.

नमुन्याची प्रत अक्सेलला दाखवली. त्यानं कागद दिव्याखाली नेला, लांब धरला, जवळ धरला.

"मोहरीचा रंग आलाय," तो म्हणाला. "आणि वाचायला..."

"चष्मा बदल," मी म्हटलं.

११ मे, शुक्रवार

दुपारी छपाई. चाळीस प्रतींपैकी सव्वीस झाल्या आणि पिवळी शाई संपली. साहजिक आहे, सोनं बनवायला पिवळाच लागतो. अक्सेल कुरकुर न करता नवीन कार्ट्रिज आणायला गेला. तो कुरकुरत नाही तेव्हा जास्त त्रास होतो.

संध्याकाळी कमान बांधली. छान उन्हं होती, नऊ वाजेपर्यंत उजेड. हॉल्गर रीतीप्रमाणे आतून पडदे ओढून बसला होता आणि मधूनच बिअरच्या बाटल्या खिडकीतून बाहेर देत होता. मेरेता शिडीवर चढून फुलं अडकवत होती. कागदी फुलं तिची माझ्यापेक्षा सुबक होती, हेही लिहून ठेवते.

यूत्ते एकदा दारात आली. कमानीवरून हात फिरवला, फांद्यांवरून, फुलांवरून. प्रत्येक फूल बोटांनी चाचपलं. "किती सुंदर केलंयत," म्हणाली. मी चार हात अंतरावर उभी होते, फांद्यांचा भारा घेऊन. माझ्याकडे पाहून "थँक यू हं, मेरेता," म्हणाली.

मी भारा खाली ठेवला आणि घरी आले.

१२ मे, शनिवार

सगळं क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी साडेसहाला सगळे कमानीसमोर जमलो, कुजबुजत, उगाचच चोरपावलांनी. रिमझिम होती. पाऊस म्हणावा असा नाही, नुसतं भुरभुरतं पाणी, चष्म्यावर बसणारं. मेरेता माझ्याकडे बघून काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी कागद वाटले. लोक "अरे वा" म्हणाले. सोनेरी अक्षरं, लाल झेंडे, फोटोतला हॉल्गर भरपूर केसांचा. पाच मिनिटं मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते.

कार्स्टननं तुतारी फुंकली. लग्नाचं नेहमीचं स्तोत्र सगळ्यांना पाठ, ते म्हटलं. दार उघडलं. हॉल्गर आणि यूत्ते बाहेर आले, अगदी गाढ झोपेतून उठल्यासारखा चेहरा करून. अंगावर इस्त्रीचे कपडे, यूत्तेचे केस कालच सेट केलेले, आतून कॉफीचा वास. पायरीपाशी मेरेता पुढे झाली, यूत्तेच्या कोपराला हात लावला आणि हळूच म्हणाली, "दोन पायऱ्या." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षांची मैत्रीण मी, आणि तिच्या सुवर्ण लग्नाच्या सकाळी तिच्या शेजारी ही उभी! मी जाऊन दोघांच्या हातात त्यांच्या प्रती दिल्या. ते छपराखाली होते, कोरड्यात. आम्ही सगळे उघड्यावर.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं धडपणे झालं. दुसऱ्याच्या मध्यावर आवाज पातळ व्हायला लागले. मी माझ्या कागदाकडे पाहिलं. सोनं ओघळत होतं. ओळी एकमेकींत उतरल्या होत्या, खाली नुसता मोहरीचा चिखल. झेंड्यांचा लाल रंग सगळ्यांच्या बोटांवर, बाह्यांवर, कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर. कोपऱ्यावरचा टोर्बेन हात वर करून म्हणाला, "बोदिल, मला टाके घालावे लागणार!" लोक हसले. मग हसणंही थांबलं. तुतारी तेवढी एकटी पुढे चालली होती.

आणि मला, जिनं लिहिलं तिला, तिसऱ्या कडव्याचा एकही शब्द आठवेना.

तेवढ्यात कुणीतरी गायला लागलं. यूत्ते. कागद दोन्ही हातांत पुढे धरून, मान ताठ, मोठ्यानं.

"हॉल्गरनं गाडी मागे घेतली,
चर्चपुढच्या दिव्याची मान मोडली;
यूत्ते म्हणाली, आता उतरू नको,
पुढेच चल, पुन्हा मागे वळू नको!"

हे माझंच गाणं होतं, पण आजचं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वीचं होतं, जांभळ्या अक्षरांतलं, स्पिरिटच्या वासाचं. तिला अख्खं पाठ होतं. जुने लोक लगेच मिसळले, मग धृपदाला नवेही. हॉल्गर तर दिव्याच्या कडव्याला दरवेळी डोळे पुसतो, तसे त्यानं पुसले. एकामागून एक कडवी ती गात गेली, कागदावरून नजर न हलवता. शेवटचंही:

"पंचवीस वर्षांनी पुन्हा याच दारी
जमेल ही गल्ली सारीच्या सारी;
केस असोत नसोत, दात असोत नसोत,
कॉफीचं भांडं तेवढं भरलेलं असो!"

टाळ्या, नऊ वेळा हुर्रा, सगळा गोंधळ. सगळ्यांना वाटलं, यूत्तेनं गंमत म्हणून जुनं गाणं म्हटलं, लाज राखली बोदिलची.

मी मात्र तिच्या हातातल्या कागदाकडे बघत होते. तो कोरडा होता. प्रत्येक अक्षर जागेवर, सोन्यासारखं. आणि फोटोतले हॉल्गर आणि यूत्ते खाली डोकं वर पाय करून लटकत होते. तिनं कागद उलटा धरला होता. हॉल्गर तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होता, त्याला दिसत होतं, आणि त्यानं तो सुलटा केला नाही.

मग माझा कान आठवला. ताकाचे डबे, पेन्सिल, पडदे, बशीतली कॉफी. सगळं एकदम.

लोक आत जाऊन पाव आणि चीज खायला लागले, पुरुषांच्या हातांत कडू दारूचे छोटे पेले आले. मी स्वयंपाकघरात गेले. यूत्ते कॉफी ओतत होती. एक बोट कपाच्या आत अडकवलेलं, भरल्याचं कळावं म्हणून.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती दचकली नाही. "बोदिल का? आवाजावरून कळलं," म्हणाली. "शरदापासून. डोळ्यांत मधोमध डाग आहे. समोरचं जातं, कडेचं दिसतं. माणसाच्या कानाकडे बघितलं की चेहरा थोडा येतो."

मला आधी काय वाटलं ते इथे लिहिते, कारण इथे नाही लिहिलं तर कुठे? तिच्या डोळ्यांचं दुःख नंतर आलं. आधी आलं ते हे, की मेरेताला माझ्या आधी कळलं.

"मेरेताला सांगितलंस."

"नाही गं. मेरेताला मी नाही सांगितलं. तिनं विचारलं."

मी ओट्यावर सांडलेली कॉफी फडक्यानं पुसली.

"ती मला मोठ्या अक्षरांत छापून देते," यूत्ते म्हणाली. "पाककृती, शब्दकोडी. मिसळून जाऊ नये म्हणून काळंभोर."

"शब्दकोडी!"

"मग काय करू? तुझ्याकडे बसले की तू साप्ताहिक पुढे सरकवायचीस, बघ बघ म्हणायचीस."

"मला का नाही सांगितलंस, यूत्ते?"

तिनं किटली खाली ठेवली, ओट्याची कड शोधून, नीट. "अक्षर फिकट आहे म्हटलं तर तू तीन आठवडे बोलली नव्हतीस. तुझी गाणी मला आता वाचताच येत नाहीत, हे सांगितलं असतं तर? माझ्याकडे एवढे आठवडे नाहीत, बोदिल. अजून थोडंफार दिसतंय, तेवढ्यात मला तू बोलती हवी होतीस."

मी रडले, ती हसली, मग उलटं झालं. तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर माझ्या बोटांचे लाल ठसे उमटले. ते आता निघायचे नाहीत.

१९ मे

अक्सेलला म्हटलं, "चल ओडेन्सला."

"कशाला?"

"कळतंय तुला कशाला."

त्या हुशार मुलीनं आम्हाला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. मी मेरेताकडे आहे तोच घेतला, अगदी तोच. परत येताना अक्सेल शिट्टी वाजवत होता. मी त्याला वाजवू दिली.

इंकजेट ठेवलाय. मेरेताला नातवंडांचे रंगीत फोटो हवे होते, तिच्या यंत्रातून येत नाहीत. मी म्हटलं, आणून दे. मिठी मारली तिनं. मी अजून लाकडासारखीच उभी राहते, पण या वेळी एक हात तिच्या पाठीवर ठेवला. पडदे मी स्वतः हातानं शिवले. वाकडे झालेत.

२४ मे, गुरुवार

सकाळी यूत्तेसाठी नवं गाणं छापलं. एका पानावर एक कडवं, अक्षर अंगठ्याएवढं, काळं आणि जाड. सात पानं. गरम होती. गार व्हायच्या आत रस्ता ओलांडून गेले.

तिनं पहिलं पान हातात घेतलं. मी सुलटं करून दिलं. मान एका बाजूला वळवली, कोंबडी बघते तशी, आणि अक्षर अक्षर लावत वाचलं:

"पन्नास वर्षं घोरण्याची साथ लाभली,
तरी यूत्तेनं कधी उशी नाही फेकली."

"फेकली की गं," ती म्हणाली. "पुष्कळदा. हे चुकीचं छापलंयस."

सातही पानं वाचायला पाऊण तास लागला. मी मधे बोलले नाही, सुचवलं नाही. चौथ्या पानावर ती थांबली, पुन्हा वाचलं, आणि खिशात नसलेला रुमाल शोधायला लागली. मी माझा दिला. मग पिशवीतून शब्दकोडं काढलं, एकेक चौकोन काडेपेटीएवढा करून आणलेलं. एकेका चौकोनावरून तिनं बोट फिरवलं.

मी ठरवलं होतं की विचारायचं नाही. घरून निघताना ठरवलं होतं, रस्त्यातही ठरवलं होतं.

"मेरेताचं अक्षर एवढं मोठं असतं?" मी विचारलं.

यूत्तेनं कागद बाजूला ठेवला आणि माझ्या कानाकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडेच.

"छे," ती म्हणाली. "याच्या निम्मंसुद्धा नाही."